विहिरीवरचा पाळक

चर्चच्या आवारातल्या विहिरीवर फळ्यांचं झाकण टाकून पितांबर पाळकानं साखळी-कुलूप लावलं, तेव्हा सावरपाड्यात कुणी चकार शब्द काढला नाही. तिथंच तो फसला. भुसावळला माणूस नाराज झाला की दारात येऊन भांडायचा, मंडळीच्या सभेत खुर्च्या सरकवायचा. इथं सगळे गप्प, म्हणजे सगळ्यांना पटलं, असं तो धरून चालला.

पितांबर रेल्वे कॉलनीत वाढलेला. बाप लोकोशेडमध्ये फिटर होता. पाळक होण्याआधी पितांबरनंही यार्डात शंटिंगचं काम केलं होतं. सुटा डबा घरंगळत येत असला की तिथं सल्लामसलत चालत नाही. "हट!" म्हणून ओरडायचं, समोरच्यानं उडी मारायची, आणि का हटायचं ते मागून विचारायचं. हीच सवय घेऊन तो धर्मशिक्षणाला गेला आणि हीच घेऊन परत आला. भुसावळच्या मंडळीत ती खपूनही गेली. तिथले सगळे भोंग्यावर उठणारे, पाळीवर जाणारे. पाळकानं सांगितलं की झाडू मारायचा, तर साहेबसुद्धा बाह्या सरसावून झाडू मारायचे.

मग पिंपळनेरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या सावरपाड्याचे म्हातारे पाळक भाईदासबाबा वारले आणि पितांबरला तिकडे पाठवलं. बायको वच्छला, दोन पेट्या आणि एक सायकल घेऊन तो दिवाळीनंतर पाड्यावर उतरला. त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. नागली गुडघ्यालाही आली नव्हती. पाड्यावरची माणसं कामाच्या मागे निघून गेली होती, ती होळीला परत आली. आणि होळीपासूनच पाण्याची ओढ सुरू झाली.

पाड्याला पिण्याची विहीर ही एकच. ख्रिस्ती घरं, बिगर ख्रिस्ती घरं, सगळी इथंच भरायची. दुसरा होता तो नाल्याच्या वरच्या अंगाचा झिरा. वाळूत खळगा करायचा, पाणी पाझरायची वाट बघायची आणि वाटीवाटीनं हंडा भरायचा. विहिरीवर पहाटे ज्या घरात हात जास्त त्या घराचे हंडे आधी भरत. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या वाट्याला गढूळ तळ. एकदा दोघींची जुंपली, मातीचा घडा फुटला आणि खापरानं कस्तुराचा पंजा चिरला. कस्तुरा म्हणजे दिवालीबाईची सून, अंगावर पिणारं पोर असलेली. पितांबरनं तिच्या हाताला स्वतः चिंधी बांधली आणि त्याच संध्याकाळी सुताराकडून फळ्या आणवल्या.

नियम साधा होता. सकाळी उपासनेची घंटा झाली की पाळक कुलूप काढणार, प्रत्येक घर पाळीनं येणार, प्रत्येक घराला सारखंच पाणी. न्याय म्हणावा तर न्यायच होता. पण बाया माना खाली घालून ओळीनं उभ्या राहायच्या आणि पितांबर कठड्यापाशी हात मागं बांधून उभा असायचा. त्याचं लक्ष पोहऱ्यावर, आणि बायांचं लक्ष त्याच्या पायातल्या बुटांवर.

एका सकाळी दिवालीबाई उशिरा आली. ती अंधारात उठून मोहाची फुलं वेचायला गेली होती. टोपली डोक्यावर, हंडा काखेत, अशीच थेट विहिरीवर आली. पितांबरनं साखळी नुकतीच ओढली होती.

"वेळ झाली, अक्का. आता उद्या."

दिवालीबाई काळी, उंच, हाडापेरानं मजबूत बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा रुपा. दर उन्हाळ्यात विहिरीत उतरून गाळ काढायचं काम त्याचंच. तिनं कुलुपाकडं पाहिलं, मग पाळकाकडं पाहिलं. टोपली खाली ठेवली नाही, हंडाही खाली ठेवला नाही. तशीच वळली आणि झिऱ्याच्या वाटेला लागली.

त्या रविवारी पितांबरनं घंटा वाजवली. थांबला, पुन्हा वाजवली. चर्चच्या पत्र्यावर ऊन तापायला लागलं. चटईवर एकटी वच्छला बसलेली, आणि दारात कुणाचीतरी शेळी. "पाडा टेंभुर्णीच्या पानांना गेलाय," वच्छला म्हणाली. "सगळा?" "सगळा." त्यानं गीत सुरू केलं. दोघांच्या आवाजाला पत्रा वरून उत्तर देत होता. दुसऱ्या कडव्याला त्याचा आवाज चिरकला, तेव्हा वच्छलेनं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"भाईदासबाबा कुलूप लावत नव्हते म्हणे," ती म्हणाली.

"मग भांडणं होत नव्हती?"

"व्हायची. भांडायची, रडायची आणि मग एकमेकींच्या डोक्यावर हंडा चढवून द्यायची. आता भांडत नाहीत. माझ्याशीसुद्धा बोलत नाहीत. झिऱ्यावर गेले की सरकून जागा देतात, जशी तलाठ्याच्या बायकोला द्यावी."

पितांबर उठला. शर्टाची वरची गुंडी लावली, पुन्हा काढली आणि खेमा आबाच्या घराकडं गेला.

खेमा आबा मंडळीचे सगळ्यात जुने पंच. अंगणात अंबाडीचा दोर वळत बसले होते. त्यांनी पाळकाकडं पाहिलं, "बठा" म्हणाले आणि दोराचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं. पितांबर टोक धरून बसला. आबा पीळ देत राहिले. सावली खाटेखालून निघून भिंतीला जाऊन लागली तरी म्हातारा बोलेना. पितांबरच्या जिभेवर कितीतरी वाक्यं येऊन गेली: पाण्याची टंचाई, म्हाताऱ्यांचे हाल, कस्तुराचा हात. दोर ताणलेला ठेवायचा म्हणून त्याला हातवारेही करता येईनात.

शेवटी आबा म्हणाले, "कुलूप वाईट नही शे, पाळकभाऊ."

"मग लोक का येत नाहीत?"

"आम्हले कोन्ही इचारं नही, ते वाईट."

"विचारलं असतं तर काय वेगळं ठरलं असतं?"

"कोनले माहीत? कदाचित कुलूपच ठरतं." आबा हसले. त्यांचे पुढचे दात नव्हते. "पन मंग ते आम्हनं कुलूप ऱ्हातं."

दुसऱ्या दिवशी पितांबरनं साखळी काढून घरात टाकली आणि मोहाच्या झाडाखाली बैठक बोलावली. बैठक कसली, माणसं येत आणि जात. एक जण बैलाच्या खुराबद्दल बोले, दुसरा मुकादमानं कसं फसवलं ते सांगे, मध्येच कुणी हसे. पाण्याचा विषय एखाद्या शेळीसारखा चरत चरत यायचा आणि पुन्हा झुडपात शिरायचा. पितांबर जीभ दाताखाली धरून बसायचा. संध्याकाळी घरी आला की वच्छलेसमोर येरझाऱ्या घालायचा. "एक गोष्ट! एकच गोष्ट ठरवायची, तर आज म्हशीचं बाळंतपण निघालं!" ती भाकरी थापता थापता म्हणायची, "बाहेर नाही ना बोललात? मग बास."

पण ठरलं. कसं ठरलं ते त्याला कळलंही नाही; एका दुपारी सगळे एकच बोलायला लागले. झाकण नको. विहीर मिळून खोल करायची. आणि बायांनी एक जास्तीचं मागितलं. दोर ओढून तळहात सोलतात, तर नाल्याकडच्या अंगाचा कठडा फोडून तिथनं पायऱ्या काढायच्या, म्हणजे खाली उतरून भरता येईल. नाल्याकडची बाजूच का? तिकडं मुरूम होता, खडक नव्हता. पायऱ्या पडायला सोप्या.

पितांबरच्या मनात काहीतरी खटकलं. रुळाच्या बाजूच्या मोऱ्या त्यानं पाहिल्या होत्या. पाणी उताराला कसं धावतं ते त्याला ठाऊक होतं. ती बाजू सखल. नाला आज कोरडा आहे, पण... त्यानं तोंड उघडलं. समोर दिवालीबाई बसली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती त्याच्याकडं बघून म्हणाली, "पाळकभाऊ, तुम्ही बी येशात ना खंदाले? का नुसतं बूट घालीसन हुबा राहशात?" बैठक खो-खो हसली. पितांबरही हसला. त्याचं वाक्य त्या हसण्यात विरून गेलं, आणि नंतर ते उकरून काढावं असं त्याला वाटलं नाही. किती दिवसांनी माणसं त्याच्यासमोर हसत होती!

खोदकाम सुरू झालं. रुपा कमरेला दोर बांधून तळाशी, वर रहाटावर चौघं. पितांबर त्या चौघांत. पहिल्याच दिवशी त्याच्या तळहातांना फोड आले, दुसऱ्या दिवशी फुटले. वच्छलेनं हळद-तेल भरलं. गाळाच्या टोपल्या वर येताना अंगावर चिखल सांडे आणि खालून रुपा ओरडे, "पाळकभाऊ, ओढा! तुम्हनी भुसावळनी गाडी लेट व्हयनी!" रुपाचा आवाज विहिरीत घुमून मोठा व्हायचा. दुपारी सगळे मोहाखाली बसून भाकरी आणि मिरचीचा ठेचा खायचे. कस्तुरा पोराला पाठीशी बांधून ताक आणून द्यायची. बाया मुरूम वाहत होत्या. पायऱ्या पडल्या, आणि पहिल्या दिवशी दिवालीबाई खाली उतरून हंडा बुडवून वर आली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

रविवारी चर्च भरलं. पितांबर मनातून फुलून आला होता. त्याला वाटलं, सापडलं. म्हणजे विचारायचं. सगळं विचारायचं. त्यानं कोणतं गीत घ्यायचं तेही विचारलं, उपासना सकाळी की उन्हं कलल्यावर तेही विचारलं. पुना तर एकदा म्हणाला, "पाळकभाऊ, तुम्ही काहीबी इचारतस आते." पुना म्हणजे खेमा आबांचा मुलगा, थोडंफार शिकलेला, तिरकस बोलणारा. पितांबरनं ते कौतुक समजून घेतलं.

मृग लागायच्या आधीच एका दुपारी वळीव आला. आधी धुळीचा लोट, मग गारा, मग असा पाऊस की समोरचं घर दिसेना. तासाभरात कोरडा नाला तांबडा होऊन फुगला. वरच्या अंगाला गुरं बसायची, पोरं-माणसं हागायला जायची, ते सगळं धुऊन घेऊन पाणी उताराला लागलं आणि फोडलेल्या कठड्यातनं पायरी-पायरीनं विहिरीत उतरलं. पाऊस थांबल्यावर माणसं विहिरीकडं धावली. पाणी छातीएवढं चढलं होतं. पोरं नाचली. खेमा आबांनी हात जोडून आभार मानले. पितांबर काठावर उभा राहून त्या तांबड्या पाण्यावर तरंगणारा शेणाचा फेस बघत होता.

"गाळ बसला की निवळेल," कुणीतरी म्हणालं. पाणी निवळलंही. वच्छला मात्र घरचं पाणी उकळायला लागली.

दोन-तीन दिवसांत वरच्या घरातल्या एका म्हाताऱ्याला जुलाब लागले. मग खेमा आबांच्या नातीला. पितांबर तिला बघायला गेला आणि भांड्यात तांदळाच्या पेजेसारखं पाणी बघून उंबऱ्यातच थांबला. लहानपणी भुसावळच्या चाळीत त्यानं हेच पाहिलं होतं. तेव्हा कुणाला पाणी भरता येऊ नये म्हणून कुणीतरी आधी पंपाची मूठ काढून नेली होती.

वच्छलेला मीठ-साखरेचं पाणी घेऊन त्या घरी बसवून तो आबांना बाहेर घेऊन आला.

"आबा, विहीर बंद करायला पाहिजे. आज. आत्ता."

"बराबर शे," आबा म्हणाले. "माले बी तसंच वाटस."

"मग मी फळ्या आणून टाकतो."

आबांनी त्याच्या दंडावर हात ठेवला. "थांबा. पुना अन् पोरे बजारले गयात, सांजले येतीन. बठ्ठा मिळीसन ठरावूत. मांगे तुम्ही कुलूप लावं, काय व्हयनं, याद शे ना?"

ते वाक्य बरोबर दुखऱ्या जागी लागलं. रिकामी चटई, शेळी, पत्र्यावरून परत येणारा स्वतःचाच आवाज. पितांबर थांबला. विहिरीवर जाऊन चार बायांना त्यानं सांगितलं, "शक्यतो झिऱ्याचं आणा." त्या म्हणाल्या, हो. एकीनं विचारलं, "शक्यतो म्हनजे?" त्याला नीट सांगता आलं नाही. आणि तो दुपारभर तिथं उभा राहिला नाही, कारण उभं राहिलं की पुन्हा तोच बुटातला पाळक दिसणार होता.

संध्याकाळी मोहाखाली माणसं जमली. एक म्हणाला, हवा बदलली म्हणून जुलाब. दुसरा म्हणाला, बाजारातले आंबे बाधले. तिसऱ्याचं म्हणणं, भगताला विचारावं. झिरा तर वळवानं बुजला होता, पुन्हा उकरावा लागणार. बाया म्हणाल्या, पायऱ्या काय शोभेला काढल्या? विहिरीवरून बैलाच्या खुरावर विषय गेला. पितांबरनं एकदा बोलून पाहिलं, "मला वाटतं, आपण..." पण त्यानं ते विचारल्यासारखं म्हटलं आणि ते विचारल्यासारखंच विरलं. "सकाळी बठसूत," आबा म्हणाले. सगळे उठले. रुपा बैठकीला उशिरा आला होता. दिवसभर कौलांच्या भट्टीवर काम करून तापलेला. येता येता तो पायऱ्या उतरून विहिरीवर गेला होता, ओंजळीनं पोटभर प्यायला होता, डोकं भिजवलं होतं. केसांतनं अजून पाणी गळत होतं. "पाळकभाऊ, पानी आते गोड व्हयनं," तो म्हणाला.

सकाळी कस्तुरा अनवाणी धावत आली.

रुपा खाटेवर पडला होता. डोळे खोल गेलेले, ओठ काळेनिळे, पोटऱ्यांत गोळे येऊन पाय आखडलेले. दिवालीबाई दोन्ही हातांनी त्याच्या पोटऱ्या चोळत होती. रुपानं ओळखलं. काहीतरी बोलायला गेला, पण एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, त्याचा नुसता वारा आला.

पितांबर झोपडीबाहेर आला. अंगणात माणसं गोळा होऊन उभी होती, कुजबुजत. कुणीतरी म्हणालं, "आबाले बलावा, बठूत." आणि पितांबरच्या आत कुठंतरी एक सुटा डबा घरंगळायला लागला.

"बठाचं काम नाही!" तो ओरडला. पाड्यानं असा आवाज कधी ऐकला नव्हता. कुत्री उठून बसली. "हुबा राहू नका! आबा, गाडी जुंपा, गवत टाका, रुपाला आणि वरच्या म्हाताऱ्याला घालून पिंपळनेर! पुना, सायकल घे, पुढं जा, दवाखान्यात सांग की पटकी आहे, पाड्यात नर्स पाठवा म्हणावं! तुम्ही चौघं, फावडी घ्या, झिरा उकरा! बायांनो, चुली पेटवा, उकळल्याशिवाय थेंब कुणाच्या तोंडात जाता कामा नये!"

क्षणभर कुणी हललं नाही. मग पुना सायकलीकडं धावला, आणि ते पाहून सगळेच धावले.

पितांबरनं फळ्या ओढत नेऊन पायऱ्यांवर आडव्या टाकल्या आणि वर उभा राहिला. एक बाई भरलेला हंडा घेऊन वर येत होती. त्यानं तो तिच्या डोक्यावरून काढला आणि तिच्या देखत उलटा केला. "पोराला पाजायचंय," ती कळवळली. "मरायला पाजशील," तो म्हणाला. ती रडत चुलीकडं गेली. तो दिवसभर फळ्यांवरच होता. डोक्यावर ऊन, अनवाणी पाय. बूट कधी काढले तेच आठवत नव्हतं. घरोघर फिरत होती वच्छला, हातात पातेलं, घसा बसलेला. जिथं कोणी पाणी पाजायला कंटाळलं तिथं ती स्वतः चमच्यानं पाजत होती.

गाडी घाटाच्या वळणाला पोचायच्या आतच रुपा गेला. आबांनी गाडी वळवली नाही. म्हाताऱ्याला पुढं नेलं. तो वाचला. नर्स आली, विहिरीत पावडर पडली, घरोघर पुड्या दिल्या. आबांची नात वाचली. बाकीचे आजारीही हळूहळू उठून बसले.

रुपाला मातीत ठेवताना पितांबरनं शास्त्र वाचलं. कस्तुराचं पोर तिच्या खांद्यावर झोपलं होतं. दिवालीबाई रडली नाही. मूठभर माती टाकली, हात झाडले आणि निघून गेली.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. बिगर ख्रिस्ती घरांतलेही दोघं-तिघं दाराशी बसले होते. लोकांनी साक्षी दिल्या. "पाळकभाऊसनी पाडा वाचाडा," खेमा आबा म्हणाले. पितांबर मान खाली घालून ऐकत होता. बायांच्या बाजूला, जिथं दिवालीबाई बसायची, तिथं चटईचा तुकडा रिकामा होता. त्याच्यावर कुणी बसलं नव्हतं.

उपासना संपल्यावर तो तसाच तिच्या शेताकडं गेला. ती बांधावर दगड वेचून टाकत होती.

"अक्का."

तिनं वर पाहिलं नाही. दगड टाकला.

"अक्का, मी..."

"कुलूप लावं तवय कोनले इचारं व्हतं?"

"कुणालाच नाही."

"मंग त्या दिनले काबर इचारत बठना तू?"

आजवर ती त्याला 'तुम्ही' म्हणत आली होती. पितांबरला ते एकेरी कानात टोचलं आणि ते योग्यच आहे असंही वाटलं. तो बांधावर बसला.

"मला भीती वाटली."

"कसानी?"

"पुन्हा सगळे निघून जाल याची. चर्च रिकामं होईल."

दिवालीबाईनं हातातला दगड तसाच धरून ठेवला. वाऱ्यानं तिच्या लुगड्याचा पदर पाठीमागं फडफडत होता. पश्चिमेकडं डोंगरावर ढग चढत होते.

"मन्हं घर रिकामं व्हयनं," ती म्हणाली.

शास्त्रात उत्तरं होती, ती पितांबरला या घडीला तोंडात घ्यावीशी वाटेनात. तो बसून राहिला. ती दगड वेचत पुढं सरकली, बांधाच्या टोकाला गेली, परत आली नाही. बऱ्याच वेळानं तो उठून घरी आला. वच्छलेनं पाट मांडला. त्यानं ताट बाजूला सारलं. सगळ्यांनी वाहवा केली होती आणि त्याला त्या फळ्यांवरचा दिवस नव्हे, आदली दुपार पुन्हा पुन्हा दिसत होती. 'शक्यतो म्हनजे?' विचारणारी ती बाई.

सकाळी तो पुन्हा शेतावर गेला. दिवालीबाईनं दोन्ही बैल आणून उभे केले होते आणि नांगर उचलायच्या खटपटीत होती. कस्तुरा बांधावर पोराला पाजत बसली होती. पावसाची मोठी सर कधीही येईल असं आभाळ होतं. पितांबरनं नांगराला हात घातला. तिनं तो काढून घेतला नाही.

"तुले येस का?"

"नाही."

"मंग दाबीसन धर. वर बघू नको, फाळकडे बघ. मी पुढं व्हस."

ती बैलांच्या पुढं झाली. कासरा खांद्यावर टाकून चालू लागली. पितांबरनं मूठ धरली. पहिल्याच खेपेला नांगर उसळून बाजूला गेला आणि तो गुडघ्यावर आपटला. ती थांबली, मागं पाहिलं, "ऊठ" म्हणाली. तो उठला. तिचं "डावीकडे", "हलका", "दाब, दाब" असं एकेक येत गेलं आणि तो तसं तसं करत गेला. त्याच्या तळहातांची जुनी सालं पुन्हा निघाली. दुपार कलली तरी ती त्याच्याशी यापलीकडं एक शब्द बोलली नाही.

उन्हं उतरत असताना खेमा आबा काठी टेकत बांधावर आले. मागं पुना.

"पाळकभाऊ, कठडानं काय करानं? पायऱ्या बुजवान्या का? तुम्ही सांगा. आते तुम्ही सांगशात तसं. बठानं नाव आम्ही काढत नही." आबांच्या आवाजात पोरासारखा आज्ञाधारकपणा होता. पितांबरला तो ऐकवेना. रिकाम्या चर्चपेक्षा हे जास्त घाबरवणारं होतं.

तो नांगराला टेकून उभा राहिला. आभाळाकडं पाहिलं.

"नाल्याकडचा कठडा उद्या सकाळी बांधायला घ्यायचा," तो म्हणाला. "यावर बैठक नाही. हे मी सांगतो. आला पाऊस तर वेळ मिळणार नाही."

"बरं. अन् पायऱ्या?"

"पायऱ्या कुठनं काढायच्या ते मला कळत नाही. उतरणाऱ्या बाया आहेत. त्यांना विचारा. बसा त्यासाठी, हवं तेवढं बसा. मी ऐकायला येतो."

"अन् बायासमा कोनले पहिले इचारानं?" पुनानं विचारलं, तिरकस नव्हे, खरंच.

पुढं बैलांपाशी उभ्या असलेल्या दिवालीबाईकडं तिघांचीही नजर गेली. ती वळली नाही. बैलाच्या मानेवरची माशी हाकलत म्हणाली, "वरल्या अंगले खडक शे. तठून. मेहनत पडी, पन नालानं पानी येवाव नही." मग जरा थांबून, "रुपा म्हने तसं. कोन्ही ऐकं नही."

आबांची काठी मातीत रुतून राहिली. पुनानं खाली पाहिलं. पितांबरला आठवेना, रुपा बैठकीत हे कधी म्हणाला होता. म्हणाला असेल. हशात गेलं असेल. आपलंच वाक्य आपण गिळलं त्याच हशात.

"चाल," दिवालीबाई म्हणाली. "बैल हुबा ऱ्हाई राह्यनात. पाऊस तुन्हासाठे थांबाव नही."

कासरा ताणला गेला. पितांबरनं मूठ दाबली, सगळं अंग तिच्यावर टाकलं. फाळ जमिनीत शिरला, घसरला, पुन्हा शिरला.

"वाकडं जाई राह्यनं!" पुढून आवाज आला.

"दिसतंय," पितांबर म्हणाला आणि नांगर सरळ करायला लागला.